घर बांधतो म्हणालो खरं, मामा

मामा, तुमच्या दहाव्याला मी घोळ घातला. घोळ घालण्यात माझा हात धरणारं आपल्या दोन्ही घरांत कुणी नाही, हे तुम्ही मला जावई करून घेतलंत त्याच वर्षी ओळखलं होतंत. पण आजवरचे माझे घोळ निस्तरता येण्यासारखे असायचे. हा तसा नाही.

सकाळी नाशिकच्या गंगेवर सगळे जमलो होतो. राजूनं सगळं नीट केलं. तुमचा हा मुलगा पुण्याहून आल्यापासून एकदाही घड्याळाकडं बघत नव्हता, तेव्हाच मला कळलं की त्याला मनापासून वाईट वाटतंय. पिंड ठेवला, नमस्कार झाले, आम्ही सगळे मागं सरकलो आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिलो.

आता आपल्या नाशिकचा कावळा तुम्हाला मी काय सांगणार. दुसऱ्या गावाला तो भुकेला असतो, पान ठेवायचा अवकाश, झडप घालतो. इथं सगळ्या मुलखातून लोक येऊन त्याला जेवायला घालतात. त्याला उपाशीपण माहीतच नाही. तो गिऱ्हाईक पारखून खाली उतरतो. कठड्यावर पाच-सहा बसले होते. त्यातल्या एकानं तुमच्या पिंडाकडं पाहिलं आणि चोच पुसली, बस.

मग नेहमीचं सुरू झालं. राजू तुम्हाला म्हणाला, "अण्णा, ताईला मी कधी अंतर देणार नाही." कावळा नाही. चांदवडहून आलेल्या तुमच्या बहिणीनं, आत्यांनी, पदराची गाठ सोडून तंबाखूची पुडी काढली आणि पिंडाशेजारी ठेवली. तरी नाही. ऊन चढायला लागलं. आमच्या मागं मालेगावकडची मंडळी खोळंबली होती. गुरुजींनी हळूच विचारलं, "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ या का?"

"नका," आत्या म्हणाल्या. "दादाचं कशात तरी अडकलंय. कशात ते सगळ्यांना माहितीये. बोलत कुणी नाय."

खरंच सगळ्यांना माहीत होतं. राजू पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. तुमची लेक वैशू पाण्याकडं बघत होती, आणि तिचं तोंड मला दिसत नव्हतं. आणि मी मास्तर. वर्गात प्रश्न विचारला आणि कुणीच हात वर केला नाही, की शेवटी मास्तरच उत्तर सांगून मोकळा होतो. त्या सवयीनं मी पुढं झालो, हात जोडले आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "मामा, काळजी करू नका. घर परत बांधतो. तिथंच, आहे त्या जागेवर."

कावळा आला. नुसता आला नाही, भात विस्कटला, भजं उचललं आणि गेला.

आत्या रडायला लागल्या. मालेगावच्या मंडळींनीसुद्धा हात जोडले. राजू माझ्याकडं असा बघत होता, जणू मी त्याची किडनी दान करून टाकली आहे. आणि गुरुजी ताम्हण आवरता आवरता, मान वर न करता म्हणाले, "निळ्या पूररेषेत नाही का हो ते घर? तिथं आता वीट रचता येत नाही."

मामा, मी भूगोल शिकवतो. पूरमैदान म्हणजे काय, नदीला तिची जागा का सोडावी लागते, पूररेषा कशी आखतात, हे मी इतक्या वर्गांना शिकवलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. तुमच्याशी याच एका विषयावर मी वर्षानुवर्षं भांडलो. आणि तुम्ही गेल्यावर, भर गंगेवर, नदीच्या तोंडासमोर मी तिच्याच पात्रात घर बांधायचा शब्द देऊन बसलो. तुम्ही असतात तर मांडी थोपटून हसला असतात.

तुमच्याकडचा माझा पहिला पावसाळा आठवतो? लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुमच्या भांड्यांच्या दुकानात मी गादीवर अवघडून बसलो होतो. नव्या जावयाला कुठं टेकायचं ते कळत नाही. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस दुकानात डोकं घालून विचारायचा, "मारुतीला कुठवर?" आणि तुम्ही सांगायचात, "गुडघे." पुढचा यायचा, "कुठवर?" "मांडी लागली." मला वाटलं, कुणीतरी आजारी आहे आणि सूज चढत चाललीये. मी काळजीनं विचारलं, "मारुतरावांना दवाखान्यात न्यायला नको का?"

तुमच्या नोकरानं हातातली बादली खाली ठेवली आणि तो मागच्या खोलीत हसायला गेला. मामी पदर तोंडाला लावून जिना चढून गेल्या. तुम्ही मात्र हसला नाहीत. मला छत्री दिलीत, पुलाजवळ घेऊन गेलात आणि पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती दाखवलात. म्हणालात, "हे आमचं माप. गुडघ्याला पाणी आलं की पुठ्ठ्याच्या खोक्यातला माल वर. कमरेला आलं की स्टील वर. तांबं-पितळ खालीच ऱ्हातं, त्याला नदी काय करती? धुऊन देती. आणि छातीला आलं की माणसं."

"माणसं कुठं?"

"माणसं वर. नायतर बाहेर."

तेव्हापासून माझी गंगापूर रोडवरची वस्ती तुम्हाला चेष्टेला पुरली. धरण त्या बाजूला, आम्ही त्या बाजूला, म्हणजे पाणी मीच सोडतो असं तुम्ही ठरवून टाकलंत. पावसाळ्यात फोन उचलला की पहिलं वाक्य, "काय धरणवाले, आज किती सोडताय?" भर लग्नाच्या पंगतीत ओळख करून द्यायचात, "हे आमचे जावई. यांच्या हातात धरणाच्या चाव्या." एका माणसानं खरंच मला बाजूला घेऊन नोकरीचा अर्ज दिला होता.

मला कावीळ झाली तेव्हाचं मी कधी तुम्हाला बोललो नाही. रोज सकाळी तुम्ही बाजारातून सायकल मारत यायचात. आल्यावर विचारपूस नाही, काही नाही. बिछान्याशेजारी खुर्ची ओढून पेपर वाचत बसायचात आणि दुकान उघडायची वेळ झाली की उठायचात. मी बरा झालो त्या दिवशी म्हणालात, "चला, माझा पेपर फुकट वाचायचा बंद झाला." माझे वडील माझ्या लहानपणीच गेले. वडील माणूस शेजारी बसलेलं असणं म्हणजे काय ते मला त्या पिवळ्या दिवसांत कळलं. हे तेव्हा सांगायला हवं होतं. पण तुमच्यासमोर असलं काही बोलायला गेलं की तुम्ही कानात काडी घालायला सुरुवात करायचात.

मग आठ सालचा पूर आला.

त्या दिवसाचं आपण कधीच सरळ बोललो नाही, मामा. मी कॉलेजात तास घेत होतो, वैशाली घरी. पाऊस थांबत नव्हता. दुपारी मामींचा फोन आला. "वैशू, गाडी भोंगा लावून फिरतीये, घरं सोडा म्हणतीये. तुझे अण्णा म्हणतात, छातीला आलं की निघू. मी येऊ का गं तुझ्याकडं?" वैशाली म्हणाली, "आई, विचारतेस काय? आत्ता नीघ." मामी म्हणाल्या, "बरं. निघते."

वैशालीनं चहाचं आधण ठेवलं. मामी आल्या नाहीत.

नंतर तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "मी म्हटलं जा. तीच म्हणाली, तुम्हाला एकट्याला टाकून मी नाय जायची." मामींचा स्वभाव सगळ्यांना माहीत होता. त्यामुळं कुणी पुढं विचारलं नाही.

त्या दिवशी मारुतीची छाती कधी आली आणि गेली, कुणालाच कळलं नाही. पुलाकडं जायलाच येत नव्हतं. नदी समोरून यायच्या आधी गटारांतून उलटी आली, गल्लीच्या मधोमध उकळ्या फुटल्यासारखी. तुम्ही दोघं स्टीलचा माल जिन्यावरून वर देत होतात. मामी खाली पाण्यात उभ्या राहून देत होत्या, तुम्ही वर घेत होतात. कारण गुडघे तुमचे दुखायचे. मग वीज गेली, फोन गेला. आणि तुमच्या मापाचा मारुती, ज्याच्या भरवशावर आख्खा बाजार वर्षानुवर्षं बसला होता, तो डोक्यापर्यंत बुडून दिसेनासा झाला.

तुम्हाला होडीतून काढलं तेव्हा मामी ओल्याच होत्या. चेहऱ्यावर लाज होती, की अशा अवतारात लोकांपुढं कसं यायचं. वैशालीला बघून पहिलं वाक्य म्हणाल्या, "अगं, तुझा चहा वाया गेला असंल."

दोन दिवसांनी ताप. मग दवाखाना. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. दसऱ्याला आपल्या कुणाच्याच दाराला तोरण नव्हतं.

तेव्हापासून आपल्या घरात एक वाक्य सुरू झालं आणि ते संपलंच नाही. कुणी विचारलं, आई कशानं गेल्या, की वैशाली म्हणायची, "पुरात गेली." आणि तुम्ही समोर असलात की लगेच, पाहुण्यांपुढंसुद्धा, "पुरात नाय. तापात." बास, एवढंच. वैशाली उठून स्वयंपाकघरात जायची. तुम्ही पेपर उघडायचात. पाहुणे चहा संपवून निघायचे. मी मधे बसून धरणाच्या चाव्या खिशात असल्यासारखा अपराधी चेहरा करायचो.

मग पूररेषा आली. मोजणीची माणसं तिपाया लावून गल्लीत उभी राहिली. निळी रेषा आणि लाल रेषा. निळीच्या आत पाणी वरचेवर येणार म्हणून नवीन बांधकाम बंद. लालच्या आत क्वचित येणार, पण येणार, म्हणून जपून. धरणातून पाणी टप्प्याटप्प्यानं सोडायचं ठरलं, भोंगे बसले, मोबाइलवर विसर्गाचे आकडे यायला लागले, बंधाऱ्यांना दरवाजे बसवायच्या गोष्टी सुरू झाल्या. मी खूश होतो. शेवटी पुस्तकातला भूगोल गावात आला होता. मी पेढे घेऊन तुमच्याकडं आलो. काय माणूस आहे मी! बायकोला जाऊन वर्ष झालेल्या माणसाकडं नकाशा मंजूर झाल्याचे पेढे घेऊन गेलो.

तुम्ही पेढा खाल्लात. मग मला दुकानाच्या बाहेरच्या भिंतीशी नेलंत. तिथं त्या माणसांनी निळ्या रंगाची खूण मारली होती, माझ्या डोक्याच्याही वर. तुम्ही आतून सगळ्यात मोठी पितळी परात आणलीत आणि खिळा ठोकून तिच्यावर टांगलीत.

"मामा, हे काय?"

"माल दाखवायला नको का गिऱ्हाइकाला?"

"खूण झाकल्यानं रेषा जाते का?"

"नाय जात," तुम्ही म्हणालात. "पण मला रोज दिसत नाय."

ती परात विकली गेली की दुसरी लागायची. मी म्हणायचो, पोरखेळ आहे हा. तुम्ही म्हणायचात, "वरती बसून तुम्ही पाणी सोडता आणि खाली येऊन आम्हालाच रेघा मारता. पोरखेळ कुणाचा?"

आणि मग तो दिवस, जो तुम्ही मला मरेपर्यंत विसरू दिला नाहीत. नकाशा बारकाईनं बघता बघता मला कळलं, की आमच्या सोसायटीचं पार्किंग लाल रेषेत आहे. भूगोलाच्या मास्तरानं घर घेताना बाल्कनीतून नदी दिसते म्हणून घेतलं होतं. नदीलाही मी दिसतो, हे लक्षातच आलं नव्हतं. ही बातमी मी लपवली असती, पण वैशालीनं फोनवर सांगितली. तुम्ही रिक्षा करून आलात. पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरपाशी उभे राहिलात, चहूकडं बघितलंत आणि दोन्ही हात पसरून म्हणालात, "या, धरणवाले, या! आता तुम्ही आमच्यातले."

मामी गेल्यानंतर तुम्हाला इतकं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढच्या एका पुरात तुमच्या घराची मागची भिंत बसली. कुणाला काही झालं नाही, कारण तेव्हा भोंगा वाजल्याबरोबर मी आणि सुट्टीला आलेल्या राजूनं येऊन तुम्हाला जवळजवळ उचलून नेलं होतं. तुम्ही आम्हाला वाटेल ते बोललात. मला "मास्तरड्या" म्हणालात. पाणी उतरल्यावर घर धोकादायक ठरलं आणि पाडलं गेलं. रेषेच्या आत असल्यानं परत उभं करता येणार नव्हतं. तुम्ही आमच्या चौथ्या मजल्यावर राहायला आलात. तुमची एक पेटी, मामींचा एक फोटो आणि एक तांब्याचा बंब, जो गॅसच्या घरात कुठंच बसत नव्हता म्हणून बाल्कनीत बसला.

तुम्ही आमच्याकडं नीट राहिलात, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो. माझ्या नॉनस्टिक तव्याला तुम्ही "हे भांडं हाय का सोंग?" म्हणालात आणि तो फेकायला लावलात. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला तांब्याच्या पाण्याचे फायदे सांगितलेत. पण पावसाळा लागला की रोज सकाळी दात घासायच्या आधी विचारायचात, "मारुतीला कुठवर?" आणि मी मोबाइलवर कुणीतरी काढलेला व्हिडिओ शोधून तुम्हाला दाखवायचो. तुम्ही चष्मा वर-खाली करत बघायचात. "गुडघे," मी म्हणायचो. "पोटऱ्या," तुम्ही म्हणायचात. आणि मग ते दुसरं वाक्य.

"मला घरी कधी सोडताय?"

"मामा, घर नाहीये आता."

"पत्रे टाकून द्या. मी एकटा माणूस, मला किती जागा लागती?"

"रेषेच्या आत आहे."

"मी पण लय वर्षं रेषेच्या आत होतो. मेलो का?"

यावर उत्तर होतं, पण ते देणारा माणूस मी नव्हतो आणि जिला देता आलं असतं ती स्वयंपाकघरात होती.

आपलं शेवटचं भांडण गेल्या पावसाळ्यातलं. मला वाटलं, एकदा नीट शिकवावंच. पेपरच्या कडेच्या कोऱ्या जागेत मी नदीचा छेद काढला, परीक्षेत काढतात तसा. हे पात्र, हा काठ, ही निळी, ही लाल. तुम्ही शांतपणे ऐकलंत. इतका चांगला विद्यार्थी मला कधी मिळाला नव्हता.

"यात माझं घर कुठंय?" तुम्ही विचारलंत.

मी ठिपका काढला. निळ्या रेषेच्या बराच आत.

"जिना?"

मी ठिपक्याशेजारी तिरकी रेघ काढली.

तुम्ही त्या रेघेच्या खालच्या टोकावर बोट ठेवलंत. नखात अजून पितळेची पावडर असावी तसं ते बोट पिवळट होतं. "आणि ही इथं उभी होती," तुम्ही म्हणालात. प्रश्न होता की काय, मला कळलं नाही. मग तुम्ही पेपरची घडी केलीत आणि म्हणालात, "चहा होणार असंल तर बघा."

त्या दिवशी मला कळलं, मामा, की आपलं भांडण घराचं नव्हतंच. ते घर राहण्यासारखं होतं असं ठरलं, तरच मामी तापानं गेल्या असं ठरत होतं. तो ठिपका रेषेच्या आत गेला की मामींचा तापही आत जात होता, आणि "छातीला आलं की निघू" हे वाक्यही. म्हणून तुम्हाला पत्रे टाकून का होईना, तिथं राहून दाखवायचं होतं. एक पावसाळा तरी. सुखरूप.

आणि हे कळल्यावरही मी पुढं तुमच्याशी रेषेवरूनच बोलत राहिलो. दुसरं काय बोलणार होतो? "तुमचं चुकलं" म्हणायला मी कोण, आणि "तुमचं चुकलं नाही" म्हटलं असतं तर आतून वैशालीनं ऐकलं असतं. माझ्या शिकलेपणाचा उपयोग एवढाच झाला, की मधली जागा मला बरोबर ओळखता आली आणि मी तिथं बसून राहिलो. गंगेवर तोंडातून निघून गेलं ते कदाचित त्याचमुळं. घर बांधतो म्हणजे, मामा, घ्या, तुम्ही जिंकलात. पण असली वाक्यं मनात म्हणायची असतात. मी ती आत्यांच्या समोर म्हटली.

आणि आत्या काही विसरत नाहीत. दर दोन दिवसांनी चांदवडहून फोन. "पाया कधी खणताय? शब्द दिलाय तुम्ही, कावळा शिवलाय. आता फिरलात तर दादा तुमच्या दारात घिरट्या घालंल." राजू वेगळाच. "भावजी, भूमिपूजनाला सुट्टी टाकू का? पोहण्याचे कपडे आणू का सोबत?" हसतो, पण शेवटी म्हणतो, "काहीतरी करा हो. अण्णांच्या नावानं खोटं बोललो असं नको व्हायला." त्यालाही तुमची इच्छा मोडवत नाही आणि मलाही. रात्रीचं जेवण जात नाही, खोटं कशाला सांगू. हयातभर तुम्हाला नाही म्हणालो आणि तुम्ही गेल्यावर हो म्हणालो, म्हणजे दोन्हीकडून माझंच तोंड काळं.

काल म्हणून मी जागेवर गेलो. पायताणं चिखलात घालत आत शिरलो. एरंड माजलाय, चार-पाच स्कूटर लावलेल्या असतात. शेजारच्या भिंतीला तुमच्या जिन्याच्या खालच्या पायऱ्या अजून चिकटून आहेत. कुठंच न जाणाऱ्या. मी त्यातल्या सगळ्यात खालच्या पायरीवर उभा राहिलो आणि लगेच उतरलो.

तिथून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडं गेलो. तो आता घरांचे नकाशे करतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, एसी वाढवला आणि अदबीनं म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलं होतं की, ती नदीची जागा असते." मी म्हटलं, "हो रे. पण एखादी खोली? नुसती चार खांबांवर? नावापुरती?" तो म्हणाला, "सर, तुम्ही बरे आहात ना?" मग मला पाणी दिलं.

घरी आलो. वैशाली बाल्कनीत तुमच्या बंबाशेजारी बसून मेथी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. परवानगी मिळणार नाही, मिळाली तरी बांधणं पाप आहे, न बांधावं तर दिलेला शब्द मोडतो, आत्या, राजू, सगळं. तिनं मधे एकदाही मान वर केली नाही. तुमच्यापाशी राहून तिला ही सवय लागलीये.

"नका बांधू," ती म्हणाली.

"अगं, पण त्यांच्या मनात राहिलं होतं ना."

"नव्हतं राहिलं."

"तुला काय माहीत?"

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"दवाखान्यात," ती म्हणाली. "तुम्ही डबा आणायला गेला होतात. मीच त्यांना म्हटलं, अण्णा, तुमचं बरोबर होतं. आई तापानंच गेली. म्हटलं, आता किती भांडायचं, जाताना घेऊन जाऊ देत."

"मग?"

"मला वाटलं, झोपलेत. डोळे मिटलेलेच होते."

"वैशाली, काय म्हणाले?"

"म्हणाले, नाय गं वैशू. ती निघाली होती. चप्पल घातली होती तिनं. मी म्हटलं, थांब."